आत्याने शिवलेली झोळी

बोईसर,
१७ जानेवारी २०२५

आत्या,

इथूनच पाया पडते. मी एकदम मजेत आहे. तब्येत ठणठणीत. जेवण वेळेवर. थंडीही बेताची. हे पत्र नवसी मावशीच्या हाती देते आहे. ती रोज मासळी घेऊन इथल्या बाजारात येतेच, तर टपालाचं कामही तिलाच. फोन केला असता, पण तुला नीट ऐकू येत नाही म्हणून तू स्पीकर लावतेस, आणि मग मी तुझ्याशी बोलते आहे की अख्ख्या आळीशी तेच कळत नाही. मागे सर्दी झाली म्हणून सांगितलं, तर मागून तीन बायकांनी तीन काढे सांगितले आणि चौथीने स्थळ.

बातमी अशी. लॅबमधलं माझं ठेक्याचं काम डिसेंबरात संपलं ते तुला माहीत आहेच. आता एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कायम जागा निघाली आहे, सेफ्टी खात्यात. काम म्हणजे हातात मीटर घेऊन कारखानाभर फिरायचं आणि कुठे गॅस गळतोय का ते बघायचं. ३० तारखेला मुलाखत आहे. तुझी अट मी विसरलेली नाही. होळीपर्यंत कायम नोकरी लागली नाही तर सातपाटीला परत यायचं आणि बाजारात तुझ्या शेजारी पाटावर मासळी विकायला बसायचं. होळीआधी याशिवाय दुसरी संधी मला दिसत नाही.

बाकी सगळं नीट आहे. काळजी करू नकोस. अगदी नीट आहे.

तुझी,
सलोनी


सातपाटी,
१८ जानेवारी

सलोनी,

आशीर्वाद नंतर देते. आधी सांग, हे अक्षर कोनाचं?

तुझं अक्षर मला काय नवीन हाय का? वाळत घातलेल्या जवळ्यासारखं असतं, कुठून कुठे पसरलेलं. हे पत्र बघ. ओळ कशी सरळ, वेलांटी कशी गोल. चौथीपर्यंत शिकले पण डोळे माझे शाबूत हायेत, कान तेवढे गेले. आणि जो मानूस एका पानात तीनदा नीट हाय, मजेत हाय, ठणठणीत हाय बोलतो, त्याचं काय तरी मोडलेलं असतं.

नवसीला विचारलं, पोर दिसली कशी? ती बोलली, चादर पांघरून बसलेली, तोंडच तेवढं बाहेर. आणि बाजूला एक पोरगा पेन घेऊन. नवसीचा गुडघा दुखतो म्हणून ती जास्त थांबली नाय. मेलीचा गुडघा नेमका तवाच दुखतो.

तुझी आई तुला दोन वर्षांची टाकून गेली, बाप आठ महिने गुजरातेत ओख्याच्या बोटीवर. तुला मी वाढवली. मला फसवायला अजून दहा वर्षं लागतील तुला. काय झालंय ते लिही. आणि तो पोरगा कोन ते पन लिही.

रंभा आत्या


बोईसर,
२० जानेवारी

आत्या,

मोडलाय. उजवा हात, मनगटाच्या वर. प्लास्टर सहा आठवडे. बोटं हलतात, पेन धरता येत नाही.

कसा मोडला तेही सांगते, म्हणजे तू नवसी मावशीला पुन्हा गुडघ्यासकट जिने चढायला लावणार नाहीस. जाहिरातीत लिहिलं होतं, दुचाकी चालवता येत असल्यास उत्तम. मला बोट वल्हवता येते, दुचाकी नाही. म्हणून समोरच्या खोलीतल्या कुशलकडून शिकत होते. सुट्टीचा दिवस, मोकळा रस्ता, मी अगदी सरळ चालले होते. मधे एक म्हैस बसली होती. मी हॉर्न दिला, ती उठली नाही. मला वाटलं ती उठेल, तिला वाटलं मी थांबेन. दोघींचंही चुकलं.

हे पत्र कुशलच लिहितो आहे. त्याचे वडील वीजकेंद्रात आहेत, मूळ गाव सांगोल्याकडे. तो स्वतः फिटर आहे, मुलगा सरळ आहे. अक्षर तू पाहिलंसच.

(लिहिणाऱ्याची टीप: म्हैस रस्त्याच्या कडेला होती. मधे नव्हती. कुशल.)

त्याच्या टिपांकडे लक्ष देऊ नकोस. मुलाखतीला मी जाणार आहे, हात गळ्यात घालून जाणार आहे. भीती एवढीच वाटते की बघताक्षणी म्हणतील, जिला स्वतःला सांभाळता येत नाही ती दोनशे माणसं काय सांभाळणार. पण तारीख बदलून मागितली तर जागा जाईल.

सलोनी


सातपाटी,
२२ जानेवारी

गो बाय माझी,

वाचलं आणि चूल तशीच टाकून ओट्यावर येऊन बसले. उजवा हात! देवाने दोन दिले, तर मोडायला नेमका कामाचाच सापडला तुला. रडले थोडी. मग त्या म्हशीला शिव्या दिल्या. मग बरं वाटलं.

आता ऐक. डॉक्टरच्या गोळ्यांनी हाड जुळत नाय, खाल्ल्याने जुळतं. नवसीच्या टोपलीत सुकी मुशी पाठवते. समुद्रातली मुशी, तुमी शिकलेली पोरं जिला शार्क बोलता ती. हिच्यात ताकद लय. रोज एक तुकडा कोमट पाण्यात भिजव, खोबरं-मिरी लावून कालवण कर, भाताबरोबर खा. वास येईल. येऊ दे. शेजारी बोलले तर बोल, माझ्या आत्याने पाठवलंय.

अट अट करून मला टोचू नको. मी काय वैरीण हाय का? अट घातली कारन तू तिकडे एकटी, ठेक्याची कामं करनार, आज इकडे तर उद्या तिकडे. इथे आपला पाट हाय, आपलं गिऱ्हाईक हाय. माझ्या बाजूची जागा मी कोनाला बसू देत नाय, टोपली ठेवते तिथे. पण नोकरी लागली तर लागू दे. मी आडवी येनार नाय.

लिहिणाऱ्या पोराला सांग, म्हैस कुठे बसली होती ते कोनी विचारलं नव्हतं.

आत्या


बोईसर,
२५ जानेवारी

आत्या,

तुझ्या मुशीने काय केलं ते ऐक.

पहिल्या दिवशी कालवण शिजलं तेव्हा तळमजल्यावरच्या माणसाने वर येऊन सांगितलं की गॅसचा सिलिंडर तपासा. कुशलच्या घरी मासळी शिजत नाही, तरी तो नाकाला रुमाल बांधून लिहायला बसतो. सध्याही बांधलेला आहे.

(टीप: दोन रुमाल आहेत. कु.)

पण ते काहीच नाही. काल मी बाजारात गेले, तर नवसी मावशीच्या रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघून गालात हसायला लागल्या. एक म्हणाली, मुलगा की मुलगी? मी विचारलं, कोणाला? तर म्हणाली, लपवतेस कशाला पोरी, आमी काय परक्या हाव? सातपाटीवरून टोपलीभर मुशी कोणाला पाठवतात, ते काय आमाला ठाऊक नाय?

आत्या, तू विसरलीस का गं? आपल्यात मुशी बाळंतिणीला घालतात! नवसी मावशीने टोपली पाहिली, चादर पांघरलेली मी पाहिली, बाजूला पेन घेऊन बसलेला कुशल पाहिला आणि घरी जाईपर्यंत माझं लग्न, डोहाळे आणि बाळंतपण तिन्ही उरकून टाकलं. प्लास्टर तिला दिसलं नाही, चादरीखाली होतं ना. चादर मी तुला कळू नये म्हणून पांघरली होती. माझंच मला भोवलं.

एक जण बाळासाठी टोपडं देऊन गेली. निळं आहे. परत कसं करायचं ते सांग.

मुलाखतीला पाच दिवस उरले. हात अडकवायची दवाखान्याची झोळी मळून गेली आहे आणि तिच्यावर निळ्या अक्षरात दवाखान्याचं नाव आहे, जाहिरात करत फिरल्यासारखं वाटतं. काय करू?

सलोनी


सातपाटी,
२८ जानेवारी

सलोनी,

नवसीला बाजारात सगळ्यांसमोर उभी केली आणि विचारलं, नाळ तू कापलीस का गो? ती रडायला लागली. बोलली, माझा गुडघा दुखतो, मला बोईसरचे जिने झेपत नाय, वरवर बघून आले, चुकलं माझं. मग मीच तिला चहा पाजला. बिचारी खरंच दमली हाय. सकाळी साडेपाचची एसटी, मग पालघरवरून पुढे, डोक्यावर टोपली. बोलते, कोनी माझी बोईसरची जागा घेतली तर मी इथेच बसेन सुखाने.

टोपडं ठेवून दे. कधीतरी लागेलच.

झोळीचं काय घेऊन बसलीस? मी शिवली. माझ्या हिरव्या लुगड्याचा पदर, तोच जो तुला लहानपणी आवडायचा. दुहेरी कापड, आतून मऊ, गळ्याला काचनार नाय. पदराची नक्षी बाहेरून येईल असं बेतलंय. मुलाखतीला हीच घाल. काढू नको. सांगून ठेवते, मुलाखत होईपर्यंत गळ्यातून काढायची नाय. का ते विचारू नको.

साहेब लोकांसमोर खाली बघून बोलू नको. गिऱ्हाईक भाव पाडतं तवा आपन त्याच्या डोळ्यात बघतो ना, तसं बघ. हात कसा मोडला विचारलं तर म्हशीचं सांगू नको. सांग, पडले.

त्या दिवशी सकाळी मी एकवीरेला नारळ देते.

आत्या


बोईसर,
३० जानेवारी

आत्या,

हे पत्र वाचण्याआधी खाली बस.

सकाळी दहाला गेले. अकरा जण आले होते. आम्हाला गेटाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. वर ऊन, आत वारा नाही. दोन तास. मी घामाने निथळले. झोळी छान दिसत होती, शेजारच्या मुलीने विचारलंसुद्धा की कुठून घेतली. मधून मधून मला कसला तरी ओळखीचा वास येत होता. मला वाटलं, रोज मुशी खाऊन माझ्या अंगालाच लागला असेल.

फॉर्मवर सही करायची होती. डाव्या हाताने जमेना. शेवटी मी अंगठा लावला. बी.एस्सी. झालेली मुलगी, सेफ्टीचा डिप्लोमा केलेली, आणि निळा अंगठा. तिथेच मला वाटलं की आज काही खरं नाही.

आत एसी होता. मुलाखत घेणारे सेफ्टीचे साहेब, मेहुल चुरी नाव. चाळिशीचे असतील, शांत माणूस. हाताबद्दल विचारलं. तू सांगितलं होतंस तसं मी म्हणाले, पडले. त्यांनी विचारलं, कशावरून? आणि मी म्हशीचं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. म्हणाले, म्हणजे समोरचा बाजूला होईल असं गृहीत धरलंत. मी म्हणाले, हो, आता धरत नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पुढचे प्रश्न मला सगळे आले. अमोनिया हवेपेक्षा हलका की जड, तेही विचारलं. आपल्या घरामागे अमोनियावर चालणारा बर्फाचा कारखाना, मला ते पाठ करावं लागलं नाही.

मग त्यांनी अमोनियाचं छोटं मीटर दिलं. चिमट्याने कपड्याला लावतात ते. म्हणाले, चालू करून लावून दाखवा. एका हाताने कुठे लावणार? मी झोळीलाच लावलं.

आत्या, ते ओरडायला लागलं.

चुरी साहेब एका क्षणात उठले. मला म्हणाले, चला बाहेर. भिंतीवरचं लाल बटण दाबलं आणि भोंगा झाला. सगळा कारखाना बाहेर. यंत्रं बंद, कॅन्टीनवाला हातात झारा घेऊन, ऑफिसातल्या बायका चपला हातात घेऊन, सगळे पटांगणात. साहेबांनी वाऱ्याची दिशा बघितली आणि सगळ्यांना वाऱ्याच्या उलट बाजूला नेलं. चार माणसं तोंडाला मुखवटे लावून आत गेली. अर्धा तास शोधलं. कुठेच काही नाही. त्यांची मीटरं गप्प. ओरडत होतं ते फक्त माझं.

मी चार पावलं लांब गेले, तर आवाज माझ्याबरोबर आला. मी परत आले, आवाजही परत आला. मी मान खाली घालून वास घेतला. कारखान्यातला अमोनिया डोळ्यांत शिरतो, पाणी काढतो. माझे डोळे कोरडे होते. हा वास आपल्या माळ्यावरचा होता, आत्या. पावसाळ्यात सुक्या मासळीच्या गोणीला ओल लागते तेव्हाचा. आणि मग मला तू लिहिलेलं आठवलं. काढू नको. का ते विचारू नको.

तेवढ्यात एक जण म्हणाला, साहेब, हे मीटरच बिघडलंय. चुरी साहेबांनी माझ्याकडून मीटर घेतलं, बंद केलं आणि म्हणाले, असू शकेल, दुरुस्तीला पाठवा. झालं होतं गं सगळं! मी गप्प बसले असते तर कोणालाही कळलं नसतं. माझी मुलाखत चांगली झाली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं.

पण ते मीटर उद्या कोणी तरी खोटं समजून फेकून देईल आणि परवा खरंच गळती होईल, असं डोक्यात आलं. आणि तोंडातून निघून गेलं. इतक्या मोठ्याने, की कॅन्टीनवालाही वळला. मी म्हणाले, "साहेब, मीटर बरोबर हाय. माझ्या झोळीत मुशी हाय!"

साहेबांनी कात्री मागवली. मला कापता येईना म्हणून त्यांनीच टाके उसवले. दोन पदरांच्या मधून काळ्या दोऱ्यात बांधलेलं मुशीचं शेपूट पडलं. घामाने भिजून मऊ झालेलं, आणि ओली झालेली मुशी अमोनियाच सोडते. पावणेदोनशे माणसं बघत होती.  मग कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. साहेब सोडून.

मला म्हणाले, तुम्ही जाऊ शकता.

मी रिक्षात रडत आले. का केलंस तू असं?

(टीप: मी आज काहीच म्हणत नाही. कु.)

सलोनी


सातपाटी,
१ फेब्रुवारी

सलोनी,

का केलं? दृष्ट लागू नये म्हणून केलं. आपल्या घरात हाय ते. तुझा बाप पहिल्यांदा होडीवर गेला तवा आजीने त्याच्या बंडीत असंच शेपूट शिवलं होतं. तीस वर्षं झाली, प्रत्येक खेपेला मानूस घरी येतोय. होडीवर कोनाला वास आला नाय. तुमच्या कारखान्याचं नाक एवढं नाजूक, ते मला काय माहीत?

आणि दोन तास उन्हात बसवलं त्यांनी. ओल लागली म्हणून वास सुटला. सावलीत बसवलं असतं तर काय झालं नसतं. ह्यात माझी एकटीची चूक नाय.

असं कालपर्यंत बोलत होते. आज बोलत नाय. आज मासळी विकताना दोनदा भाव चुकले.

मी येते त्या साहेबाला भेटायला.

आत्या


बोईसर,
४ फेब्रुवारी

आत्या,

तू येऊ नकोस. हात जोडते. म्हणजे एकच जोडते.

निरोप काही आलेला नाही. बाकीच्यांपैकी दोघांना दुसऱ्या मुलाखतीला बोलावलं असं कळलं. होळीला आता सव्वा महिना आहे. मी सामान आवरायला घेते. शेजारच्या पाटावरची टोपली उचलून ठेव.

मी रागावलेली नाही. दमले आहे.

सलोनी


सातपाटी,
६ फेब्रुवारी

सेफ्टीचे चुरी साहेब यांस,

सातपाटीची रंभाबाई, मासळी विकनारी, हिचा रामराम. तुमच्या गेटावरच्या मानसाकडे हे पत्र नवसीने दिलं असेल. तिला हाकलू नका, तिचा गुडघा दुखतो.

तुमी माझ्या पोरीला ओळखता. हात गळ्यात घेऊन आली आणि जिच्यापायी तुमचा कारखाना उन्हात उभा राहिला, ती. तिला ठाऊक नव्हतं. शेपूट मी शिवलं, तिच्यापासून लपवून शिवलं. शिक्षा करायची तर मला करा. काय शिक्षा असते ह्याची ते मला माहीत नाय, पण मी येऊन उभी राहीन.

तिच्या अंगात खोट नाय, साहेब. लहान असताना बाजारात बर्फ कमी पडला, मी आदल्या संध्याकाळची बोई मासळी ताजी म्हनून विकत होते. ही सहा वर्षांची. गिऱ्हाईकाला बोलली, ही कालची हाय. मी फटका दिला. ती रडत रडत पुन्हा बोलली, पण कालचीच हाय. अशी पोर तुमाला कामाची नाय का? तुमचं काम तर तेच हाय ना, वास आला तर वास आला असं सांगायचं?

अजून एक सांगते. हे मी तिला सांगितलं नाय आणि सांगवत पन नाय. टाका घालताना तोंडाने मी बोलत होते, एकवीरा आई, माझ्या पोरीला नोकरी लागू दे. आणि आतून एक मन बोलत होतं, नाय लागली तर पोर घरी येईल. घर लय मोठं लागतं हो तिच्याशिवाय, दोन खोल्यांचं हाय तरी. कान गेल्यापासून तर जास्तच. ती माझ्याशी बोलते तवा तोंड समोर धरून, हळू बोलते, मला सगळं कळतं. बाकीचे ओरडतात. ते दुसरं मन त्या शेपटाबरोबर शिवलं गेलं असेल, म्हनून असं झालं. ह्यात पोरीची काय चूक?

रंभाबाई


बोईसर,
१२ फेब्रुवारी

श्रीमती रंभाबाई यांना नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. नवसीबाईंना गेटावर खुर्ची देण्यात आली होती.

त्या दिवशी आमच्या कारखान्यात १७४ माणसं होती. भोंगा झाल्यावर चार मिनिटांत सगळ्यांची मोजणी व्हायला हवी असा आमचा नियम आहे. आम्हाला चौदा मिनिटं लागली. मागच्या दाराला कुलूप निघालं आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता आलं नाही. खरी गळती असती तर काय झालं असतं याचा विचार मी रोज करतो. आता कुलूप काढलं आहे. हे आपल्या मुशीमुळे कळलं.

उशीर यासाठी झाला की आमच्या वरिष्ठांचं मत वेगळं होतं. त्यांना हा प्रकार हसण्यावारी न्यावा आणि ती मुलगी विसरून जावी असं वाटत होतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की मी चांगलं मीटर दुरुस्तीला पाठवायला निघालो होतो. मला थांबवणारी ती एकटीच होती, आणि थांबवण्यात तिचाच तोटा होता. दुसऱ्या मुलाखतीत मी दोघांना विचारलं की तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं. दोघांनीही खरं उत्तर दिलं. गप्प बसलो असतो म्हणाले.

सलोनी यांना नेमणुकीचं पत्र आज पाठवत आहे. प्लास्टर काढून, डॉक्टरांचा दाखला घेऊन ३ मार्चला त्यांनी रुजू व्हावं. कारखान्यात कपड्यात काहीही शिवून आणण्यास मनाई आहे, हे कृपया लक्षात घ्यावं.

माझं गाव एडवण, सातपाटीसारखंच किनाऱ्यावरचं. माझ्या जन्माच्या वेळेस माझी आई चाळीस दिवस मुशी खात होती असं ती अजून सांगते. त्यामुळे तो वास मला ओळखता आला नाही याची लाज मला आपल्यापेक्षा जास्त आहे.

आपला,
मेहुल चुरी


बोईसर,
४ मार्च

आत्या,

बघ, अक्षर कोणाचं?

जवळा पसरलाय ना? प्लास्टर गुरुवारी निघालं. हात बारीक झालाय आणि पेन धरलं की कापतो. पण हे पत्र दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचं नव्हतं. कुशल पलीकडे बसला आहे आणि टीप द्यायला मिळत नाही म्हणून चुळबुळतो आहे.

काल रुजू झाले. ट्रेनिंगच्या खोलीत काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ते शेपूट ठेवलं आहे. नवीन माणूस आला की चुरी साहेब बरणी दाखवतात आणि सांगतात, मीटर ओरडलं की आधी बाहेर पडा, हसायचं असेल तर नंतर हसा. सगळे मला मुशीताई म्हणतात. इलाज नाही.

नेमणुकीचं पत्र कसं आलं ते मला कळत नव्हतं. काल साहेबांनी तुझं पत्र माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, हे तुमचं आहे, माझ्याकडे शोभत नाही. मला न सांगता तू लिहिलंस म्हणून आधी इतका राग आला! बोईची गोष्ट सगळ्या खात्याने वाचली असेल. मग मी जिन्यात बसून शेवटचं वाचलं. पुन्हा वाचलं. आत्या, तू मला का नाही सांगितलंस? मी पण रिक्षात रडत येत होते तेव्हा माझं एक मन म्हणत होतं, बरं झालं, आता घरी जाता येईल. मी पण सांगितलं नाही.

होळीला येते. दोन दिवस रजा मिळाली आहे. पण राहायला येत नाही आहे, हे लिहायचं मी पत्राच्या शेवटापर्यंत लांबवलं.

तुझी,
सलोनी


सातपाटी,
६ मार्च

सलोनी,

पत्र आळीत सगळ्यांना दाखवलं. वाचून नाय दाखवलं, नुसतं अक्षर दाखवलं. सगळ्या बोलल्या, हां, हे आमच्या सलोनीचं.

दुसऱ्या मनाचं तू वाचलंस ते एका परीने बरं झालं. माझ्याने तोंडावर बोलवलं नसतं.

आता कामाचं ऐक. एडवणचा मानूस आणि मुशीचा वास ओळखू नये म्हंजे काय, ते मी त्या साहेबाला कधीतरी विचारनार हाय. होळीला पुरणपोळी जास्त करते, लिहिणाऱ्या पोराला घेऊन ये. त्याच्या पोळीला मासळीचा हात लावनार नाय. रुमाल मात्र घरी ठेवून यायचा. आमच्या आळीत नाक बांधून फिरलेलं चालनार नाय.

आणि मी नवसीशी बोलले. तिचा गुडघा काय आता बोईसरला जायचा नाय. माझ्या बाजूला टोपली ठेवलेली जागा होती, तिथे तिला बसवली. माझं गिऱ्हाईक पन तिलाच दिलं. रडली पुन्हा. तिला रडायला काय लागत नाय.

तिची बोईसरची जागा मी घेतली. होळी झाली की सोमवारपासून. साडेपाचची एसटी मला जड नाय, माझे कान गेलेत, गुडघे नाय.

अट अशी होती ना, की माझ्या शेजारी येऊन बसायचं? मग मीच येते. तू कामावरून सुटलीस की ये आणि बस पाच मिनिटं, तोंड समोर धरून बोल. आता पत्र लिहायची गरज नाय. आणि उशीर करू नको, चांगला पापलेट मी सहापर्यंतच बाजूला ठेवीन.

आत्या